चटईवर दोन थापा

चिझुरूला फक्त पाच मिनिटं काढायची होती. तिच्या मुलीने, कोझुएने, आतल्या खोलीतून चौकीला फोन लावला होता आणि ‘पाच मिनिटांत पोचतो’ असं उत्तर आलं होतं. तेवढा वेळ मसाओमीला थोपवायचं. घटस्फोटाला दोन वर्षं झाली, मुलगी आईकडे, असं कागदावर होतं. पण कागद बघून वागेल तर तो मसाओमी कसला! बाहेर गाडी चालू ठेवून मेला बुटांसकट चटईवर चढला होता.

"कोझुए, चल. दप्तर राहू दे."

"ती कुठेही येणार नाही," चिझुरू म्हणाली. "आणि आधी बूट काढ."

"तू मला शिकवणार? हो बाजूला!" असं म्हणून त्याने तिची कॉलर धरली.

तिथेच फसला. तेरा वर्षं, आठवड्यातून तीन संध्याकाळी, म्हाताऱ्या मोरिसाकी सेन्सेईंच्या तालमीत चिझुरूने मनगटं पिळली होती. कॉलरवरचा हात कधी सुटला, मनगट कधी उलटलं, कोपर कधी वर गेलं, त्याला कळलंसुद्धा नाही. गडी पालथा, नाक चटईत, खांद्यावर तिचा गुडघा. काय बरं वाटलं तिला!

"आई, चौकीवरून निघालेत ते!" कोझुए आतून ओरडली.

"अगं, मोडेल हात," तो कण्हला.

"हललास तर मोडेल. पडून राहा गुमान."

मग त्याने मोकळ्या हाताने चटईवर दोन थापा मारल्या. थप, थप.

तिचे हात सुटले.

तिने सोडले नाहीत हो, सुटले! तालमीतला पहिल्या दिवसाचा पहिला धडाच तो. समोरच्याने दोनदा थाप मारली की सोडायचं, त्याच क्षणी, विचार न करता. विचार करत बसलात तर जोडीदाराचा सांधा गेलाच म्हणून समजा. "चिझुरूच्या हातात मान द्यायला कुणी भीत नाही," असं सेन्सेई चारचौघांत कौतुकाने म्हणायचे. जित्याची खोड, दुसरं काय!

लग्नाच्या वर्षी मसाओमीही दोन महिने त्या तालमीत आला होता. एक पेच धड जमला नाही. तेवढं एक मात्र शिकून गेला होता.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. त्याने तिला पालथी पाडली आणि तिचा उजवा हात पाठीवर वर वर रेटला. त्यात कसब कसलं, नुसती रग.

"बाबा, सोडा तिला!" कोझुए दारात बसून बूट घालत होती. नाडी बांधता येत नव्हती. "मी येते ना! हे बघा, आलेच!"

चिझुरूने डाव्या हाताने चटईवर दोनदा थाप मारली. त्याने सोडलं नाही. तिने पुन्हा दोनदा मारली.