खडक मागे पडेपर्यंत

ऑरिन लेविटचा हात लागला की बंद पडलेलं इंजिनही लाजून सुरू होतं, असं धक्क्यावरचे लोक म्हणत. आयुष्यभर मासेमारीच्या बोटींची इंजिनं खोलून त्याच्या नखांतलं काळं कायमचं झालं होतं. वडिलांच्या मागे त्यांची शिडाची जुनी बोट त्याच्या आणि थोरल्या बहिणीच्या, हेस्टरच्या वाट्याला आली, तेव्हा कामं आपोआप वाटली गेली. शिडं, दोर आणि रंग हेस्टरकडे, इंजिन ऑरिनकडे. दोघांनीही लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे भांडायला एकमेकांशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

त्या वर्षी बर्फ वितळल्यावर बोट पाण्यात उतरवायची तयारी चालली होती. हेस्टर इंजिनापाशी वाकली आणि म्हणाली, "हा एल्बो शेवटचा कधी काढला होतास?"

एल्बो म्हणजे इंजिनाच्या मागचा ओतीव लोखंडाचा बाक. इंजिनाचा तापलेला धूर त्यातून जातो आणि समुद्राचं पाणी तिथेच धुरात मिसळून त्याला निववतं. मग धूर आणि पाणी मिळून रबरी पाइपातून बोटीच्या मागे बाहेर पडतात. मिठाने आणि काजळीने हा बाक आतून बुजत जातो, गंजत जातो, आणि वरचा रंग शाबूत असला तर बाहेरून काही म्हणता काही कळत नाही.

"काढला होता की. बाबा होते तेव्हा."

"बाबांना जाऊन किती वर्षं झाली, ऑरिन?"

"बोल्ट गंजून बसलेत गं. जोर लावला तर तुटतील. मग बस उन्हाळाभर इथे जमिनीवर, बोटीत चहा पीत."

तरी तिच्या समाधानासाठी त्याने रबरी पाइप सोडवला आणि स्क्रूड्रायव्हर पोचला तिथवर आतून खरवडलं. काळे पापुद्रे गळून पडले. त्याने इंजिन चालवून पाणी पडतंय का ते पाहिलं. "वाहतंय. एवढा मोसम निघेल."

हेस्टरला हट्ट धरता आला असता. पण हवा छान पडली होती आणि तिलाही घाई झाली होती. "बघ बाबा," एवढं म्हणून तिने विषय सोडला.

मोसम जवळजवळ निघालाच. ऑक्टोबरमध्ये हिवाळ्यासाठी बोट वर काढायची म्हणून दोघं ती खाडीच्या आतल्या यार्डाकडे घेऊन निघाली. वारा अगदी पडलेला. चिंचोळ्या वाटेत शिरली तोवर ओहोटी लागली होती आणि तिथली ओहोटी पावसाळी नदीसारखी ओढते. ऑरिनने इंजिनाला पुरता जोर दिला. डाव्या हाताला खडकांची रांग पाण्यातून हळूहळू वर येत होती.

मग आवाज बदलला. मागे पाणी पडण्याची गुळगुळ थांबली आणि कोरडी धडधड ऐकू येऊ लागली. पांढरी वाफ निघाली. इंजिन तापल्याची घंटा वाजायला लागली.

ऑरिन खाली उतरला आणि लगेच ओरडून म्हणाला, "एल्बो मानेशी चिरलाय. पाइप निसटतोय."

"बंद करू?"

"डोकं ठिकाणावर आहे का? खडक बघ कुठे आहे." तो खोकला. "मी ओलं कापड गुंडाळून धरून ठेवतो. पाणी हवा ओढायच्या तोंडात गेलं तर इंजिन जागीच बंद पडेल. तू चालव. खडक मागे पडेपर्यंत हात लावायचा नाही."

"खाली धूर भरेल."

"जन्म धुरातच गेलाय माझा."

नांगर टाकावा तर तिथे तळ फार खोल होता. शिडं उभारावीत तर वाऱ्याचा पत्ता नव्हता. हेस्टर दोन्ही हातांनी सुकाणू धरून उभी राहिली. बोट पुढे सरकत होती, पण ती इतकी सावकाश की बाजूचा खडक तिथेच आहे असं वाटत होतं. खालून निळा-काळा धूर येत होता. तिने हाक मारली.

"आहे गं," तो म्हणाला. "बोट हाकतेस की म्हैस?"

थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली.

"डचेसला आत घे," ऑरिनचा आवाज शांत, झोपाळू होता. "भिजतेय ती."

डचेस त्यांच्या लहानपणीची कुत्री, मरून कित्येक वर्षं झालेली. हेस्टर खाली वाकून ओरडली, "ऑरिन, सोड ते सगळं आणि वर ये. आत्ता."

"आलो. आई बोलावतेय."

ती सुकाणू सोडून दाराकडे धावली. पायऱ्यांखाली त्याचा एक बूट दिसला. तेवढ्यात बोटीचं तोंड खडकाकडे फिरलं आणि लाटा फुटण्याचा आवाज कानाशी आला. ती परत फिरली. सुकाणू धरलं, बोट सरळ केली. बूट तिथूनही दिसत होता. तो हलत नव्हता. इंजिन मात्र चालू होतं, म्हणजे ते कापड त्याच्या हातात, नाहीतर त्याच्या अंगाखाली, अजून जागेवर होतं.

शेवटचा खडक मागे पडला तेव्हा तिने इंजिन बंद केलं आणि नाकाला रुमाल लावून खाली गेली. काखेत हात घालून त्याला एकेक पायरी वर ओढलं. त्याचे तळवे भाजून सोलले होते. क्लेटन बील नावाचा शेवंडी पकडणारा एक जण वाफ बघून आपली बोट घेऊन आला. तोवर ऑरिन श्वास घेत होता, एवढंच.

दूरच्या शहरात, धुराचं विष उतरावं म्हणून, त्याला दाबाच्या पेटीत घालून प्राणवायू दिला. तो वाचला. सगळे म्हणाले, नशीब.

घरी आलेला ऑरिन वेगळाच होता. चालताना पाय घसटायचा, शर्टाची बटणं लावताना चिडायचा. पाना हातात दिला तर उलटसुलट करून बघायचा आणि खाली ठेवायचा. तो दिवस त्याच्या डोक्यातून साफ पुसला गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच त्याला माहीत होतं.

थंडी ऐन भरात असताना हेस्टरने एकटीने यार्डात जाऊन तो एल्बो काढला. बोल्टांवर तेल सोडलं, गरम केले, पुन्हा तेल सोडलं. एक तुटला, बाकीचे कुरकुरत सुटले. आतलं भोक जेमतेम करंगळी जाईल एवढं उरलं होतं. तिने नवा एल्बो बसवला आणि जुना भंगारात टाकला. घरी आणून ऑरिनला दाखवायचा, असं तिने ठरवलं होतं. ऐन वेळी धीर झाला नाही.

संध्याकाळी तिने मटाराचं सूप गरम करून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चमचा उचलला नाही.

"तू इंजिन बंद का नाही केलंस, हेस्टर?"

हे तो अधूनमधून विचारायचा. रागाने नाही, खरंच समजत नसल्यासारखा.

"तूच सांगितलं होतंस. बंद करू नको म्हणून."

"मी कशाला असं सांगेन?" तो म्हणाला. "धूर आत येत असेल तर पहिलं इंजिन बंद करायचं. हे मी पोराटोरांना शिकवलंय."

"खडक होता, ऑरिन."

"कुठला खडक?"

तिने पुन्हा सगळं सांगितलं. ओहोटी, पडलेला वारा, चिरलेला एल्बो. तो लक्ष देऊन ऐकत होता. सांगून झाल्यावर त्याने मान डोलावली आणि तो म्हणाला, "बरं. तू म्हणतेस तर तसं."

त्याला ते पटलं नव्हतं. हेस्टरने चमचा त्याच्या हातात दिला आणि सूप सांडू नये म्हणून वाडगा आपल्या हाताने धरून ठेवला.