माझे दात झाकतील एवढाच पाला

मित्रांनो, आगीशी भांडण्यात ज्याचे आयुष्य गेले, असे मी एक जुने दाताळे आहे. मारेगावच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकावरच्या झिजलेल्या धावेचे लोखंड तापवून मला घडवले आणि धावड्याच्या लाकडाचा दांडा बसवला. तिथून मी जंगलात आलो, भावसिंगच्या हाती. वणव्यावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. दर माघात तो माझ्या दातांनी वाळलेला पाला ओढून जंगलात रुंद मोकळा पट्टा करी. त्याला जाळरेषा म्हणतात. पालाच नसला की आग पलीकडे जात नाही.

१९५८ सालच्या उन्हाळ्यात मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून कुणीतरी झाडाखालचा पाला पेटवला. वारा सुटला, ठिणग्या उडाल्या आणि आग जाळरेषा ओलांडून टेकडीवर चढली. माझा दांडाही एका बाजूने जळाला. आता इथे काही उगवणार नाही, असे मला वाटले.

पावसाळ्यात भावसिंगची काकी रुपीबाई मला खांद्यावर टाकून त्या टेकडीवर गेली. त्यांच्या तांड्याशेजारच्या सरकारी रोपवाटिकेत ती सागाची रोपे वाढवी. पण सागाचे बी भारी हट्टी. बोराएवढे गोल, अंगावर मऊ लव आणि आत दगडासारखे कवच. दोन वर्षे वाफे जवळजवळ रिकामेच राहिले होते. “पुढच्या वर्षीही असेच दिसले, तर रोपवाटिका बंद,” असे वनखात्याचे मोठे साहेब सांगून गेले होते. मग तांड्यातल्या बारा बायांना कामासाठी घर सोडून लांब जावे लागणार होते.

जळालेल्या जागी रुपीबाईने टोपली उपडी ठेवली, तिच्याभोवती रेघ ओढली आणि रेघेच्या आतले सागाचे कोंब मोजले. सतरा. न जळालेल्या बाजूला तेवढ्याच जागेत दोन. तिने आणखी चार ठिकाणी मोजले. कवच तापल्यामुळे हे झाले, की पाला जाऊन मातीला ऊन लागल्यामुळे, ते तिला कळेना. त्या दिवसापासून ती स्वस्थ बसली नाही आणि तिने मलाही बसू दिले नाही.

पुढच्या वैशाखात बी भाजून पाहायचे म्हणून ती भावसिंगकडे आली.

“काकी, येडी झाली का तू? मी आग विझवतो अन् तू मलेच आग मांगून राह्यली!”

“आग माह्याजवळ आहे. तू फक्त दाताळं दे.”

तिने मोकळ्या जागी अर्धे पोते बी पसरले आणि माझ्या दातांनी त्यावर गुडघाभर पाला ओढला. आग बराच वेळ धुमसत राहिली. नंतर बी फोडून पाहिले, तर आतला दाणा कोळसा. तो पाला मीच ओढला होता, मित्रांनो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

धूर पाहून जंगलाच्या नाक्यावरचे वनरक्षक, मारोतराव नाकेदार आले. “काहून वो बाई, सरकारी बी भाजून खाता का?”

भोवती जमलेल्या बाया हसल्या. रुपीबाई हसली नाही. “आग बियावर बसून राह्यली, साहेब. वणवा तं पळत जाते. पाला कमी पाह्यजे होता.”

“अन् उरलेलं बी जळालं तं?”

“तं बारा जणी उद्याच गठुडं बांधतो.”

मारोतराव म्हणाले, “मी इथं आलोच नव्हतो बरं!” आणि पाण्याची घागर घेऊन तिथेच उभे राहिले.

माझे दात चार बोटे लांब. रुपीबाईने मला जमिनीवर टेकवले. “हे दात झाकतीन, एवढाच पाला.” या वेळी ज्वाळा सरसर पुढे गेली आणि विझली. बियांवरची लव जळाली होती, कवचांवर बारीक चिरा होत्या. थोडे बी तिने मुद्दाम न भाजता ठेवले आणि वेगळ्या वाफ्यात पेरले.

पाऊस झाला. आठवा दिवस, दहावा, तेरावा. ती सकाळ-संध्याकाळ यायची, बोटाने माती उकरायची आणि पुन्हा झाकायची. मी कुंपणाला टेकून नुसता तगमगत होतो. पंधराव्या दिवशी मान वाकवलेले कोंब वर आले. आठवडाभरात भाजलेल्या बियांचे वाफे भरून गेले. न भाजलेल्या वाफ्यात पाचच कोंब होते.

श्रावणात मोठे साहेब आले. वाफे पाहून खूश झाले. “रोपवाटिका इथेच राहील. उपाय तर फारच सोपा निघाला! पुढच्या उन्हाळ्यात सगळी टेकडीच पेटवून देऊ.”

भावसिंगने मान खाली घातली. रुपीबाईचा हात माझ्या दांड्यावर घट्ट झाला. रोपवाटिका तर वाचली होती; आता बोलून साहेबांना नाराज कशाला करायचे? तरी ती बोलली.

“साहेब, टेकडीवर मागच्या सालची रोपं आहेत, वीतभर. आग बीले पाह्यजे, रोपाले नाही.”

साहेबांनी टेकडीवर जाऊन ती रोपे पाहिली. त्या माघात त्यांच्याच हुकमाने आम्ही टेकडीभोवती दुप्पट रुंद जाळरेषा ओढली.

आता मी रोपवाटिकेच्या झोपडीमागे गंजत पडलो आहे. उन्हाळ्यात लांबवर धूर दिसला की मला चैन पडत नाही. ती आग बियांवरून चालली आहे की रोपांवरून? मित्रांनो, मला आता कुणी उचलत नाही, पण तुम्हाला हात आहेत. पाला पेटवण्याआधी खाली वाका. त्याखाली कोण अजून झोपले आहे आणि कोण जागे झाले आहे, ते चाचपून पाहा. कळले नाही, तर काडी पेटीतच राहू द्या.