वहीचं पहिलं पान

"बाबा, मशीन बंद, मग तुम्ही दिवसभर करता तरी काय?"

विचारलं तिनं एकदाचं! मैत्रिणींनी पैजच लावली होती, 'तोफ म्हणवतेस ना स्वतःला, मग डागून दाखव!' वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून शाळेत तिचं नाव तोफ पडलं होतं, आणि तोफेला माघार शोभत नाही.

बाबा सरकारी हॉस्पिटलात सीटी स्कॅनचे टेक्निशियन. मशीनमधली एक नळी जळून चौदा महिने झाले, नवी काही येता येत नव्हती. तरी बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून जात, मशीन पुसत, त्यावर चादर घालत आणि दारावरच्या 'मशीन बंद आहे' या पाटीखाली खुर्ची टाकून बसत. गल्लीत कुणाला हे ठाऊक नव्हतं? मैत्रिणी तर म्हणत, "नोकरी असावी तर तुझ्या बाबांसारखी, बाई!"

बाबा रागावले नाहीत. बुटाची नाडी सोडता सोडता हसले. "बरं झालं आजच विचारलंस. नळी आली. दुपारी मशीन सुरू झालं."

"काय सांगता!" आई हात पुसत बाहेर आली.

बाबांनी पिशवीतून एक जाडजूड वही काढली. "हे करत होतो दिवसभर."

परत पाठवलेला प्रत्येक पेशंट त्यांनी फोन नंबरासकट लिहून ठेवला होता. चेहरा लक्षात राहावा म्हणून शेजारी खूणही होती. काठीवाले आजोबा, डोकं दुखतं. शिवणकामवाल्या बाई, पोटात गाठ. मास्तर, अक्षर वाकडं यायला लागलंय. रस्त्यापलीकडच्या खाजगी सेंटरात हाच स्कॅन तासाभरात होई. ज्यांना तिथली पायरी चढणं झेपत होतं ते चढले. उरलेले वहीत आले.

"सगळ्यांना शब्द दिलाय," बाबा म्हणाले, "सुरू झालं की पहिला फोन तुम्हाला."

"पहिला फोन सगळ्यांनाच?"

"द्यायला दुसरं काय होतं गं माझ्याकडे?"

"आणा इकडे ती वही! फोन मी करणार. तुमच्या आवाजानं माणूस आनंदाची बातमी ऐकूनही घाबरायचा!"

मांडी ठोकून बसत तिनं बाबांच्या फोनवरून पहिला नंबर लावला. काठीवाले आजोबा. घसा साफ केला, स्पर्धेतला आवाज काढला. "नमस्कार! एक आनंदाची बातमी आहे! स्कॅनचं मशीन सुरू झालंय. आजोबांना उद्या नऊ वाजता घेऊन या!"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बारीक केला.

"मामंजी गेले हो, उन्हाळ्यातच," सून म्हणाली. आणि जरा थांबून, "पण तुम्ही आठवणीनं फोन केलात. बरं वाटलं."

दुसरा नंबर शिवणकामवाल्या बाईंचा. फोन नवऱ्यानं उचलला. या वेळी आनंदाची बातमी हे शब्द तिनं गिळून टाकले, तरी उपयोग झाला नाही. "डॉक्टर म्हणायचे, स्कॅन झाल्याशिवाय हात लावता येत नाही," तो म्हणाला. "मग नाहीच लावला कुणी."

मास्तर अजून होते. पण त्यांच्या मुलीनं आधी दोनदा विचारलं, "नक्की सुरू असेल ना? मागं उचलून आणलं होतं त्यांना, तेव्हा बोलत तरी होते."

"नक्की," ती म्हणाली. तोफेचा आवाज पार बसला होता.

बाबा अजून एकाच पायात बूट घालून बसले होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आजोबांच्या ओळीवर पेन नेलं आणि काहीच न लिहिता टोपण परत लावलं.

"शेवटच्या पानापासून लाव," ते म्हणाले. "ते मागच्या महिन्यातले आहेत. ते तरी..." त्यांनी वही उलटी करून मागचं पान उघडलं. "पहिली पानं राहू देत."

"आणि तिला कशाला हे?" आई कुजबुजली. "परीक्षा आलीय तिची. उठ गं, जेवून घे."

ती उठली नाही. तिनं वही आपल्याकडे ओढली.

"आई, तुझा फोन बाबांना दे. बाबा, तुम्ही शेवटच्या पानापासून सुरू करा. पहिल्या पानापासून मी करणार, एकही न गाळता. गेलेल्यांच्या घरीसुद्धा. तुम्ही शब्द दिलाय, आणि नंबर त्यांचा आधी होता."