कै. युवराज

माझ्या नातीला, सोनमला, बघायला बावड्याची माणसं आली, तेव्हा मुलाच्या बापानं, मोहनरावांनी, चहाची बशी खाली ठेवून विचारलं, "मुलीचे वडील?"

"न्हाईत," मी म्हणाले.

बरोबरच बोलले. माझा लेक युवराज घरात नव्हताच. सात वर्षांपूर्वी बायको आणि पोर टाकून तो लोणी देवकरला कंपनीत कामाला गेला आणि तिथल्याच एका बाईच्या खोलीत राहिला. पण मोहनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांची मालकीण च्च च्च करायला लागली.

"किती वर्षं झाली?"

"सात."

तेही खरंच. दुसऱ्या बाईकडं गेलेल्या बापाच्या पोरीला लोक दहा गोष्टी विचारतात, मेलेल्या बापाच्या पोरीला कुणी काही विचारत नाही. त्याच बैठकीत सुपारी फुटली.

पत्रिका छापायला बारामतीला गेले. लियाकत कॉम्प्युटरपुढं बसून एकेक नाव विचारत होता.

"नवरीचे वडील, मावशी?"

"युवराज. पर त्यो न्हाय आता."

लियाकतनं नावाआधी 'कै.' टाकलं. मला अक्षरं येतात ती दुसरीपर्यंतची, पण ते कै. मी ओळखते. धन्याच्या नावाआधी वीस वर्षं बघतेय.

"मग वैनींच्या नावाफुडं सौ. चालायचं न्हाय," लियाकत म्हणाला. "श्रीमती करावं लागंल."

थांबवायला एक शब्द पुरला असता. "कर," मी म्हणाले. "आन अक्षर जरा ठसठशीत काढ."

सुनेनं, राजलक्ष्मीनं, पत्रिका उभ्यानंच वाचली.

"आत्याबाई, मी श्रीमती कवापासनं झाले?"

"आजपासनं. कुकू पूस आन गळ्यातलं काढ. चार म्हयन्यांचा तर प्रश्न हाय. सोनम नांदाया गेली की घाल परत. तसंबी तू कुणासाठी लावतीस? त्यो काय येऊन बघतोय?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं, मंगळसूत्र काढून माझ्यापुढं पत्रिकेवर ठेवलं आणि भाकरी थापायला गेली. ती रडेल म्हणून मी चार जबर शब्द तयार ठेवले होते, ते वाया गेले.

युवराज जिता आहे हे आमच्या कऱ्हाटीत सगळ्यांना ठाऊक. पण पोरीचं ठरलेलं लग्न मोडायचं पाप कुणाला नको होतं, आणि माझ्या तोंडाला लागणं तर त्याहून नको होतं. एकट्या दत्तोबानं पारावरनं विचारलं, "प्रयागबाई, युवराजच्या धाव्याचं जेवान ऱ्हायलं की आमचं."

"तुमच्या धाव्याला दोन्ही मिळून वाढते," मी म्हणाले. त्यानंतर गाव गप्प.

हळदीच्या दिवशी सोनम पाटावर बसेना. "आईनं लावल्याबिगर मी हळद लावून घेनार न्हाय."

श्रीमतीचा हात हळदीला लागला असता तर बावड्याच्या बायका उठून गेल्या असत्या. मी फोन सोनमच्या हातात दिला. "मग लाव बावड्याला आन सांग, माजा बाप जित्ता हाय. मंग आईचा हात लागंल. हळद कुणाच्या नावाची लावायची ते तू बघ."

पोरीनं फोन पालथा ठेवला. मग पाटावर बसली. राजलक्ष्मी आत माजघरात गहू निवडत होती. दाराआडून सुपाचा आवाज येत होता, तो जरासुद्धा थांबला नाही.

लग्न इंदापूरच्या कार्यालयात. युवराजच्या लग्नातल्या फोटोतून राजलक्ष्मीला कापून मी त्याचा एकट्याचा मोठा फोटो करून घेतला होता. तो बोहल्याशेजारी खुर्चीवर, वर झेंडूचा हार, पुढं समई. अक्षतांच्या आधी माईकवरून सांगितलं, वधूपिता कै. युवराज यांच्या स्मृतीस वंदन करूया. पाचशे माणसं उठून उभी राहिली. कऱ्हाटीची माणसंही उभी राहिली, आणि दत्तोबानं तर डोळेही मिटले.

तेवढ्यात मागच्या दारातून युवराज आत आला.

पत्रिका त्याला मोबाईलवर कुणीतरी धाडली होती. डोकं विरळ, दाढी पांढरी, शर्ट दोन माणसांचा. बावड्याच्या कुणाला फोटोतला चेहरा त्याच्यात सापडला नसता. तो सरळ माझ्याकडं आला.

"आई, मी हाय न्हवं अजून."

"न्हाईस."

"पोरीवर चार अक्षता टाकतो आन जातो."

"टाक. लांबनं."

पण तो फोटोपुढंच थांबला आणि तिथंच त्याला रडू फुटलं. मोहनरावांनी ते बघितलं. "पाव्हणं कोन, विहीणबाई?"

राजलक्ष्मी माझ्या मागं मोकळ्या कपाळानं उभी होती. तिच्या एका शब्दानं तिचं कुंकू परत आलं असतं आणि पोरीचा बोहला मोडला असता. मी तिचं मनगट धरलं. तिनं ते सोडवून घेतलं.

"लोणी देवकरला आमच्या मालकांसंगं कामाला व्हते," ती मोहनरावांना म्हणाली. "खांदा ह्यांनीच दिला."

मी त्या दिवसापर्यंत एक अक्षर खोटं बोलले नव्हते. हिनं पहिल्याच दमात माझ्या लेकाला तिरडीवर घातलं.

मोहनराव भला माणूस. त्यांनी युवराजला मिठी मारली, बोहल्यापाशी नेलं, त्याच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि तोंडापुढं माईक धरला. "युवराजरावांवर दोन शब्द बोला."

युवराजनं नारळ काखेत धरला. "युवराज," तो म्हणाला, "पोरीसाठी लई झुरायचा."

"सात वर्षांत एक फोन न्हाय," राजलक्ष्मी माझ्या कानाशी म्हणाली.

अक्षता पडल्या. नवरा-नवरी फोटोच्या पाया पडायला आली, तेव्हा तो खुर्चीला खेटूनच उभा होता. नवरदेव, ऋषिराज, त्याच्याही पाया पडला, पाहुणा म्हणून. सोनमनं त्याच्या पायाला हात लागू दिला नाही, फोटोपुढं माथा टेकला आणि उठली. मग तो कधी गेला, मी बघितलं नाही. जेवला नाही, एवढं आचारी म्हणाला.

निरोपाच्या वेळी मोहनरावांनी हात जोडले. "युवराजरावांची तिथी कंची? म्हाळाला आमी जावयासंगं येनार."

"सर्वपित्रीला घालतो सगळ्यांचा एकत्र," मी म्हणाले.

"तीज," राजलक्ष्मी म्हणाली. "त्यांचा येगळा घालतो."

घरी आल्यावर मी तिचं मंगळसूत्र पेटीतून काढून तिच्यापुढं धरलं. "घाल आता. काम झालं."

"नगं. गळ्याला हलकं वाटतंय."

"नवरा जित्ता हाय तुजा."

"तुमचा ल्योक आसंल जित्ता. माजा नवरा पत्रिकेत बगा."

भाद्रपदात पितृपक्षाची तीज आली. बावड्याची जीप सकाळीच दारात. राजलक्ष्मीनं वडे, खीर, अळू, भोपळा सगळं पहाटे उठून केलं होतं, आणि माझ्या हातात पान दिलं. पत्र्यावर घास टाकायचा आणि एकेक नाव घ्यायचं. सासऱ्यांचं घेतलं. धन्याचं घेतलं. मागं मोहनराव हात जोडून, शेजारी ऋषिराज आणि सोनम.

"फुडचं घ्या, आत्याबाई," राजलक्ष्मी म्हणाली.

मी घास हातात धरून उभी राहिले. ऋषिराजनं वर बघितलं.

"युवराज," मी म्हणाले.

"जरा मोट्यांदा. ज्याला घास हाय त्याला ऐकू जाया पायजे."

मी मोठ्यांदा घेतलं.