सारवलेलं अंगण

चुलीवरच्या भगुन्याचं झाकण थडथडलं, तेव्हा कुठं घरातलं माणूस हललं. परभणीच्या कोर्टातून परतल्यापासून प्रभावती आणि तिची सासू कस्तुराबाई एकमेकींशी बोलल्याच नव्हत्या. प्रभावतीनं उठून भगुनं उतरवलं. भाताची पेज उतू जाऊन अर्धी चूल विझली होती.

मार्तंड पैलवान सुटला होता.

हाच मार्तंड गदा जिंकून झरी गावात आला, तेव्हा प्रभावतीचा नवरा, सिताराम, लहानग्या बापूला खांद्यावर घेऊन हलगीपुढं नाचला होता. तालमीतली माती आणून त्यानं पोराच्या कपाळाला लावली होती. पेपरातला पैलवानाचा फोटो खळीनं भिंतीला चिकटवला होता. फोटो तिनं केव्हाच फाडला, पण खळीचे डाग काही निघाले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात, उजाडता उजाडता, मार्तंडाची जीप रस्ता सोडून त्यांच्या अंगणात शिरली. सिताराम तिथंच बाजेवर झोपला होता. पैलवानाला धड उभंही राहता येईना. शेजारच्या लिंबाजीनंच त्याला जीपमधून ओढून काढलं आणि नाक दाबून म्हणाला, "लय पेलाय हो ह्यो."

मयत नेल्यावर कस्तुराबाई म्हणाली होती, "प्रभे, माझ्या लेकराचं रगत लोकाच्या पायाखाली नको, माय."

प्रभावतीनं रडत रडत शेण कालवलं. सितारामला आवडायचं तसं, कोपऱ्यापासून दारापर्यंत, हळुवार हातानं अंगण सारवलं. रगत गेलं. त्यासोबत चाकांच्या खुणाही गेल्या. पोलीस पंचनाम्याला आले ते त्यानंतर. पैलवानाची तपासणीही दुसऱ्या दिवशी झाली. तोवर दारू उतरली होती.

मग तारखा. एक तर नामांतराच्या बंदात एस्टी नाही म्हणून हुकली. शेवटी साक्ष झाली तेव्हा पैलवानाच्या वकिलानं विचारलं, "जीप अंगणात आली म्हणता, मग खुणा कुठायत?"

"मीच सारवल्या, साहेब."

"म्हणजे नव्हत्याच म्हणा की! मयत रस्त्यावरच झोपला होता."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. लिंबाजीनं मान खाली घालून सांगितलं, वास काही आला नाही, आपल्याला सर्दी होती.

तोच लिंबाजी आता ओट्याशी येऊन उभा राहिला. आतून कस्तुराबाईचा आवाज आला, "सर्दी बरी झाली का रे?"

तो प्रभावतीकडं वळला. "वैनी, मनात ठेवू नका. गावाला एकच पैलवान हाय."

"आन् मला लेक किती व्हते रे, लिंबाजी?" कस्तुराबाईनं आतूनच विचारलं.

तो आल्या पावली निघून गेला.

तेवढ्यात वेशीकडून हलगी वाजायला लागली. पैलवानाची मिरवणूक जवळ आली, घरासमोरून जायला लागली. उधळलेला गुलाल वाऱ्यानं अंगणात येऊन पडला. बापू दारात धावला आणि हलगीच्या ठेक्यावर टाचा उचलायला लागला, बापाच्या खांद्यावर बसून हलवायचा तशाच. प्रभावतीनं त्याला मागून कवेत धरलं.

"आये, पैलवान जिंकले?"

"व्हय, राजा."

त्यानं मान वळवून तिच्या तोंडाकडं बघितलं.

"कुस्ती कुणासंगं होती?"