शिंपीकाका गप्प झाले

हवालदारबाईंनी माऊसचं चाक वर फिरवलं, खाली फिरवलं, पुन्हा वर नेलं. शिंपीकाकांची धमकी कुठेच नव्हती. कालही नव्हती आणि आज सकाळीही नाही.

असं आजवर झालं नव्हतं. मंत्रीसाहेबांनी काहीही टाकावं, अगदी रोपट्याला पाणी घालतानाचा फोटो टाकावा, खाली शिंपीकाका हजर! ‘तुझं माप घेतलंय.’ ‘गळा असा बेतीन की कॉलर बसायची नाही.’ ‘पाठीला दोन टक मारले की उतरेल माज.’ ह्याच मंत्र्याच्या प्रचाराचे झेंडे काकांनी एकेकाळी पदरमोड करून शिवले होते. साहेब निवडून आले, रस्ता रुंद झाला आणि त्यात काकांचंच दुकान गेलं. ‘दुसरा गाळा देतो’ असं हातात हात घेऊन दिलेलं वचन तेवढं राहिलं. तेव्हापासून काकांच्या तोंडाला खीळ नव्हती.

बाईंच्या खोलीचं काम एवढंच, की पुढाऱ्यांना आलेल्या धमक्या वाचायच्या आणि निवडायच्या. काही ‘उचला’मध्ये जायच्या. काही ‘नजर ठेवा’मध्ये, म्हणजे दर आठवड्याला आपला माणूस त्या घरी जाऊन बघून यायचा. उरलेला सगळा कचरा ‘बडबड’मध्ये. बडबड कुणी उघडूनही बघत नसे. गेल्याच आठवड्यात बाई स्वतः काकांकडे जाऊन आल्या होत्या. एकट्याची खोली, झाकून ठेवलेलं मशीन, शेजारी खिळ्याला मोठी कात्री, थरथरणारी बोटं. “असलं लिहायचं नाही,” असं त्यांनी दमात सांगितलं, तर म्हातारा म्हणाला, “मग दिवसभर करू काय?” बाईंना हसू आलं होतं. परत येऊन त्यांनी त्याला बडबडीत टाकलं. आज बडबड उघडली ती निव्वळ सवयीनं.

आणि आज संध्याकाळी मंत्रीसाहेब नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला येणार होते. साहेबांचं, म्हणजे बाईंच्या वरिष्ठांचं, एक लाडकं वाक्य होतं: भुंकतोय तोवर झोपा, गप्प झाला की उठा.

बाई उठल्या.

“साहेब, शिंपी गप्प आहे.”

“कोण शिंपी?”

“कॉलरवाला.”

साहेब हसता हसता थांबले. “त्याला तर तुम्हीच बडबडीत टाकलं ना?”

“हो.”

“वा! म्हणजे सभागृहात काही झालं तर तुमची नोकरी गेली आणि माझी बदली झाली. आणि काही नसलं, तर म्हाताऱ्याचं दार फोडलं म्हणून पेपरात आपले फोटो.” त्यांनी कपाळ चोळलं. “शिपायाला घेऊन जा. तो घरात नसला तर तिथूनच फोन करा. मी कार्यक्रम थांबवतो.”

जीपमध्ये बाईंना बसवेना. सिग्नलला थांबलं की पाय आपोआप हलायचा. फुटपाथवरचा प्रत्येक म्हातारा त्या मान वळवून बघत होत्या. मशीनशेजारच्या खिळ्याला टांगलेली ती मोठी कात्री सारखी आठवत होती. तीच जप्त करायची सोडून आपण हसत बसलो! तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

“जेवलीस का?”

“शिंपी गप्प आहे.”

“मीही कालपासून गप्प आहे. माझ्याकडे बघ की जरा.”

“ठेव रे तू,” म्हणत बाईंनी फोन बंद केला.

तिसऱ्या मजल्यावर चढताना त्यांना धाप लागली. दार आतून बंद होतं. दाराच्या फटीतून भर दुपारी दिव्याचा उजेड दिसत होता. हाका मारल्या, दार बडवलं. समोरच्या बिऱ्हाडातली बाई डोकावली.

“दिसले नाहीत खरे. पण ते बोलतात कुठं कुणाशी? काल आतून ठकठक चालली होती. आम्ही म्हटलं, शिवत असतील काहीतरी.”

“आतून बंद आहे म्हणजे आहे आत,” शिपाई पुटपुटला.

“खांदा लाव,” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या धक्क्याला कडी निघाली. बाईंची नजर आधी खिळ्याकडे गेली. खिळा मोकळा होता. हात कमरेकडे गेला. मग मशीनच्या मागे पाय दिसले.

काका जमिनीवर आडवे पडले होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात निर्जीव. डाव्या मुठीत कात्री होती आणि तिच्या टोकानं फरशीवर टवके उडाले होते. फोन वर टेबलावर. म्हाताऱ्यानं अख्खा दिवस खाली ठोकून काढला होता आणि लोकांना वाटलं, शिवतोय.

“अहो काका! काका, मी आहे.” बाईंनी रुमाल ओला करून त्यांच्या ओठांना लावला. काकांनी डोळे किलकिले केले. ओळख पटायला वेळ लागला.

“कु... कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. तुम्ही लिहिलं नाहीत ना.”

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते कानात गेलं. बाई शिपायावरच खेकसल्या, “बघतोस काय? ॲम्ब्युलन्स बोलाव!”

ॲम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन आले, तेव्हा जिन्यात बिऱ्हाडं जमली होती. “सोबत कोण येणार?” असं त्यांनी विचारताच जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

“हत्यार सापडलं?”

“कात्री आहे, साहेब. पण त्यांना झटका आलाय. उजवी बाजू गेली.”

“म्हणजे धोका मिटला. सुटलो बुवा! त्याचं नावच काढून टाका आता.”

काकांच्या डाव्या हातानं बाईंची बाही धरली होती. बाईंनी ती सोडवली नाही.

“नाही साहेब. त्याला ‘नजर ठेवा’मध्ये घ्या.”

“का? काही म्हणाला का?”

बाईंनी काकांकडे बघितलं. काकांच्या तोंडून आता शब्द फुटत नव्हता.

“हो. माझ्यासमोर धमकी दिली. म्हणाला, हात बरा झाला की पहिलं माप त्याचंच.”

“अहो, अर्धांग झालेला माणूस काय माप घेणार? विचार करा, बाई. एकदा त्यात घेतलं की दर आठवड्याला त्याच्याकडे माणूस पाठवावा लागेल.”

“हो,” बाई म्हणाल्या, “पाठवावाच लागेल.”