अंजनाला न लागलेला घाव

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे, आणि खरं सांगायचं तर तरुणपणी फार गर्विष्ठ होते. शिरपूरच्या लोहाराने गाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून मला घडवलं. १९१२ साली पुनाने मला विकत घेतलं. त्याचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. गावात दहा-बारा ख्रिस्ती घरं, त्यांतलंच एक पुनाचं. "काय धार शे!" असं कुणी म्हटलं की मी फुगून जायचे.

त्या घरांची एक सुंदर रीत होती. शेतातलं पहिलं कणीस, कपाशीचं पहिलं बोंड, कोंबडीचं पहिलं अंडं रविवारी देवापुढे ठेवायचं. उत्तम ते देवाचं. म्हणून १९१६ साली प्रार्थनामंदिर बांधायला घेतलं, तेव्हा आढ्यासाठी सगळ्यांनी नाल्याकाठचा अंजन निवडला. आसपास तसं सरळ झाड नव्हतं. त्याच्या मुळाशी झिरा होता, भर वैशाखातही सारं गाव तिथे हंडे भरायचं. पण झाड गेलं तर झिराही आटेल, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला तर केव्हा एकदा घाव घालते असं झालं होतं.

पुनाने मला उगारलं, तोच झुंबरबाई बुंध्याला पाठ लावून बसली. प्रार्थनेआधी जागा झाडून काढणारी ही म्हातारी विधवा एरवी कधी मोठ्याने बोलत नसे.

"अक्का, सरक. देवना घरले आढं लागस," पुना म्हणाला.

"पहिलं कणीस तू देस, ते तू पेरेल रहास. हाई झाड तू लायेल शे का? हाई पहिलेपासूनच देवनं शे. त्यानं आपले राखाले ठेयेल शे, पुना. देवनीच वस्तू देवले देवानी, नि वर दान म्हणानं?"

"मंग आढं कोठून आणू?"

"तुन्हा बांधवर लिंब शे ना."

तो कडुलिंब पुनाने लग्नाच्या वर्षी लावला होता आणि स्वतःच्या घरासाठी राखला होता. त्याच्या घरावर अजून गवतच होतं. तरी पुना मला खांद्यावर टाकून बांधाकडे वळला.

मी पुष्कळ झाडं पाडली. पण तो लिंब पाडताना मला माझ्या धारेची पहिल्यांदाच लाज वाटली. केवढं मोठं मन होतं त्या माणसाचं! पुढच्या रविवारी त्याने ओल्या गोणपाटात लिंबाची पाच रोपं आणली आणि प्रार्थनेनंतर नाल्याकाठी लावली.

दोन वर्षांनी पावसाने दगा दिला. गावातल्या विहिरी आटल्या, झिरा आटला नाही. ख्रिस्ती असो वा नसो, सारं गाव त्या पाण्यावर जगलं. त्यानंतर पुनाने मला वाळक्या सरपणाशिवाय कशावरही उगारलं नाही. पुढे तर मी खुंटीलाच राहिले.

गंज चढणं ही कुऱ्हाडीच्या जातीला नामुष्की वाटते. पण मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत करा, अशी विनवणी मी करणार नाही. हा गंज मला राहू द्या. एवढ्या वर्षांत जे मी तोडलं नाही, त्याची माझ्याजवळ एवढीच खूण आहे.